क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि वसुलीवाल्यांचे फोन

"आज चार वाजेपर्यंत भरा, नाहीतर दोन कॉन्स्टेबल घरी येतील." "तुमच्या एचआरला मेल गेलाय." "सासऱ्यांचा नंबर आहे माझ्याकडे, लावू का?" कार्डाचं बिल दोन-तीन महिने थकलं की अशी वाक्यं कानावर पडायला लागतात. ऐकणारा बहुतेकदा साधा नोकरदार असतो, जन्मात कधी पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला. तो घाबरतो, कुणाकडून तरी उसने घेऊन पाच हजार भरतो आणि पुढच्या महिन्यात तेच फोन पुन्हा सुरू होतात.

देशातल्या क्रेडिट कार्डांची संख्या २०२४ मध्ये दहा कोटींच्या पुढे गेली. त्याच वर्षी २० डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा एक निकाल रद्द केला. थकलेल्या कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं आयोगानं म्हटलं होतं. ती मर्यादा आता उरलेली नाही. त्यामुळे थकबाकी किती वेगानं वाढते आणि ती वसूल करायला येणाऱ्याला कायद्यानं काय करता येतं, हे कार्ड वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेलं बरं.

सुरुवातीलाच एक गाठ बांधून ठेवा. देणं हा एक विषय आणि दमदाटी हा दुसरा. देणं खरं आहे म्हणून दमदाटी खपवून घ्यायची नसते, आणि दमदाटी झाली म्हणून देणं माफ होत नाही. एजंट या दोन्हींची मुद्दाम सरमिसळ करतो, कारण त्यातच त्याचा धंदा आहे.

## चाळीस हजारांचे सत्तर हजार होतात कसे?

बिलावर दोन आकडे असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम भरली की दंड लागत नाही आणि खातं थकीत म्हणून नोंदवलं जात नाही. व्याज मात्र चालूच राहतं. सोबत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, म्हणजे आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज.

समजा, एक लाख थकलेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम थकबाकीच्या पाच टक्के आहे. महिन्याचं व्याज ३,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ६३०. तुम्ही ५,००० भरले, त्यातले ४,१३० व्याज-कर गिळून टाकतात आणि मुद्दल कमी होतं फक्त ८७० रुपयांनी. वर्षभर इमानेइतबारे किमान रक्कम भरणारा माणूस जिथल्या तिथेच का राहतो, याचं उत्तर या हिशेबात आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक नियमांतल्या दोन गोष्टी आपलं बिल तपासताना उपयोगी पडतात. देय तारीख उलटून तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय लेट फी लावता येत नाही. आणि न भरलेली फी, कर वगैरे मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. वसुलीवाला सांगेल तो आकडा मान्य करण्याआधी सगळी स्टेटमेंट्स समोर ठेवून या दोन ओळी पाहा. फरक निघाला तर बँकेला मेलवर विचारा.

## फोनवर बोलतोय तो नक्की कोण?

पहिला महिनाभर साधारणपणे बँकेचंच कॉल सेंटर बोलतं. भाषा 'सर', 'मॅडम'ची असते. देय तारखेपासून किती दिवस झाले त्याला या धंद्यात 'डीपीडी' म्हणतात, आणि तीस-तीस दिवसांच्या टप्प्यांना 'बकेट'. बकेट बदलली की माणूस बदलतो, माणूस बदलला की सूर बदलतो. किमान रक्कमही ९० दिवसांत भरली गेली नाही, तर खातं एनपीए, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचं कर्ज ठरतं.

या सुमारास फाइल बहुतेकदा बाहेरच्या एजन्सीकडे गेलेली असते. एजन्सीला वसुलीवर कमिशन मिळतं आणि फोन करणाऱ्या पोरापोरींच्या डोक्यावर महिन्याचं टार्गेट असतं. महिनाअखेर जवळ आली की फोन वाढतात ते त्यामुळे, तुमचा गुन्हा अचानक वाढला म्हणून नव्हे. त्या पोराला काही हजार पगारावर दिवसभर लोकांच्या शिव्या खाव्या लागतात, हेही खरं. पण त्याचं टार्गेट ही तुमची जबाबदारी नाही.

पुढे कधीतरी 'तुमचं खातं राइट-ऑफ झालंय' असं कळतं आणि अनेकांना वाटतं, सुटलो. तसं नसतं. किराणा दुकानदार फार जुनी उधारी रोजच्या वहीतून काढून मागच्या जाड वहीत लिहून ठेवतो. उधारी पुसत नाही, फक्त पान बदलतं. बँकही ताळेबंद नीट दिसावा म्हणून तेच करते आणि वसुली चालू ठेवते. कधी ते कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलंही जातं. नवीनच कंपनीच्या नावानं फोन आला, तर कर्ज त्यांच्याकडे आल्याचं पत्र मागा आणि मूळ बँकेकडून खात्री करून घ्या. त्याआधी एक रुपयाही नाही.

## नियम काय म्हणतात?

ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट लिहिलं: थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, सतत फोन करून छळायचं नाही. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान, मोबाइलवर वा सोशल मीडियावर अनुचित मेसेज, निनावी फोन, खोटी माहिती देणं, सगळ्याला मनाई. घरचे, मित्र, अर्जात संदर्भ म्हणून दिलेली माणसं यांच्या खासगीपणात शिरणंही निषिद्ध. म्हणजे सासऱ्यांना फोन लावून 'जावयानं पैसे बुडवले' असं सांगणं थेट नियमभंग आहे.

त्याआधीच्या, २००८ च्या परिपत्रकानुसार कोणती एजन्सी नेमली ते बँकेनं ग्राहकाला कळवायचं असतं. दारात येणाऱ्या एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं, आणि त्यानं ठरावीक प्रशिक्षण घेतलेलं हवं. शिवाय तुमची तक्रार बँकेकडे पडून असेल तर ती निकाली निघेपर्यंत बँकेनं प्रकरण एजंटकडे देऊ नये. तक्रार निव्वळ वेळकाढूपणाची आहे याचा पुरावा असेल तरच अपवाद. आकड्याबद्दल खरी हरकत असेल तर ती लेखी नोंदवायची, ती यासाठी.

'आमचा संबंध नाही, एजन्सीनं केलं' असं बँकेला म्हणता येत नाही. एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेची. वसुलीसाठी गुंड पाठवण्याच्या प्रकाराबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच बँकांना खडसावलं होतं; कर्ज कायदेशीर मार्गानंच वसूल करा, असं बजावलं होतं.

## मग अटक होते की नाही?

कार्डाचे पैसे न भरणं हा दिवाणी मामला आहे. पोलीस त्यासाठी दारात येत नाहीत, वॉरंट व्हॉट्सॲपवर निघत नाही. राजमुद्रा, लाल शिक्का आणि 'फायनल अरेस्ट नोटीस' असं मथळ्यात लिहिलेली पीडीएफ आली, तर खाली केस नंबर आणि न्यायालयाचं नाव आहे का ते बघा. असेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर शोधा. बऱ्याचदा तिथे काहीच सापडत नाही.

पण 'काहीही होत नाही, निवांत राहा' असं सांगणाऱ्या व्हिडिओंवरही विसंबू नका. तुम्ही चेक दिला असेल आणि तो परत गेला, तर चेकबाउन्सचं कलम १३८ लागतं. बँक खात्यातून आपोआप रक्कम वळती करण्याची परवानगी दिली असेल आणि पैशांअभावी ती फिसकटली, तर २००७ च्या पेमेंट कायद्याचं कलम २५ लागू शकतं. दोन्हींत तुरुंगवासाची तरतूद आहे. दोन्हींत आधी नोटीस यावी लागते आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली तर खटला उभा राहत नाही. म्हणून एजंटनं 'सिक्युरिटीसाठी एक कोरा चेक द्या' म्हटलं, तर देऊ नका. दिवाणी देणं फौजदारी करून घेण्याचा तो सरळ रस्ता आहे.

आणि घरातलं सामान? क्रेडिट कार्ड हे विनातारण कर्ज. टीव्ही, गाडी, सोनं यांतलं काहीही एजंट उचलू शकत नाही. बँकेला दिवाणी दावा लावावा लागेल, हुकूमनामा मिळवावा लागेल, मग जप्तीचा अर्ज. त्यातही पगाराचे पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. पीएफला हात लागत नाही. पैसे असून लबाडीनं न भरणाऱ्याला दिवाणी कैद होऊ शकते, पण केवळ ऐपत नाही म्हणून कुणाला कोठडीत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सांगितलं आहे.

एका गोष्टीकडे मात्र लोकांचं लक्ष नसतं. कार्ड आणि पगाराचं खातं एकाच बँकेत असेल तर करारातल्या कलमाच्या आधारे बँक खात्यातली रक्कम रोखून धरू शकते किंवा वळती करून घेऊ शकते. कोर्टकचेरीशिवाय. घरभाडं आणि शाळेची फी त्याच खात्यातून जात असेल तर हा धक्का एजंटच्या शंभर फोनांपेक्षा मोठा असतो.

## "पैसे तर मीच थकवलेत, तक्रार कोणत्या तोंडानं करू?"

हा प्रश्न मराठी घरांत हमखास येतो. कर्जाची लाज आपल्याकडे इतकी खोल आहे की माणूस शिव्या ऐकून घेतो आणि बायकोलाही सांगत नाही. थोडक्यात उत्तर: तक्रार थकबाकीविरुद्ध नाही, वागणुकीविरुद्ध आहे. दोन्ही एकाच मेलमध्ये लिहिता येतात आणि तसं लिहिलेलं जास्त वजनदार ठरतं. नमुना असा:

"माझ्या कार्डाची (शेवटचे चार अंक अमुक) रक्कम थकली आहे, हे मला मान्य आहे. मार्च महिन्यात नोकरी गेल्यामुळे हे घडलं. सध्या दरमहा ६,००० रुपये भरू शकतो. थकबाकीचे हप्ते बांधून द्यावेत, ही विनंती. १४ तारखेला रात्री ९.२० वाजता अमुक क्रमांकावरून आलेल्या फोनवर मला शिवीगाळ झाली आणि माझ्या भावालाही फोन केला गेला. एजन्सीचं नाव आणि अधिकारपत्राची प्रत पाठवावी. यापुढचा संपर्क सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेत, याच क्रमांकावर अथवा ईमेलवर करावा."

हा मेल आधी ग्राहक सेवेला, मग नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे बँकेनं तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला. पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर तक्रार निवारणाच्या पानावर असतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी फोन १४४४८.

पुरावा मात्र हवा. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट, मेसेज, तुमच्याशी झालेल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग. 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' असं फोननं जाहीर केलं तर उत्तमच, पलीकडचा आवाज लगेच खाली येतो. एजंट सोसायटीत येऊन लॉबीत आरडाओरडा करून गेला असेल, तर वॉचमनच्या रजिस्टरमधल्या नोंदीचा फोटो घ्या आणि सेक्रेटरींना त्याच दिवशी सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवायला लेखी सांगा. काही दिवसांत ते आपोआप पुसलं जातं.

जिवे मारण्याची धमकी, घरात घुसणं, बाईमाणसाशी अश्लील बोलणं हे लोकपालाचे विषय नाहीत, पोलिसांचे आहेत. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी अनुक्रमे ३५१, ३२९ आणि ७९ ही कलमं आहेत. ठाण्यात 'हा बँकेचा मामला' म्हणून परत पाठवायचा प्रयत्न होऊ शकतो. तेव्हा कर्जाची कहाणी न सांगता फक्त धमकीची सांगा: किती वाजता, कोणत्या नंबरवरून, शब्द काय होते. निदान अदखलपात्र नोंद तरी घेतली जाते आणि तिची प्रत बँकेला पाठवली की बऱ्याचदा सूर बदलतो.

## फोन उचलायचा की नाही?

उचला. नंबर ब्लॉक करत राहिलं की नवे नंबर येतात, आणि 'ग्राहक संपर्कात नाही' असा शेरा पडला की दारात माणूस येण्याची शक्यता वाढते. पण बोलणं तुमच्या अटीवर. नाव काय, एजन्सी कोणती, अधिकारपत्र कुठे, एवढं विचारा आणि 'मी बँकेला मेल केलाय, उत्तर लेखी द्या' म्हणून ठेवून द्या. वाद घालू नका, रडू नका, घरची परिस्थिती सांगत बसू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फोन संपावा म्हणून 'शुक्रवारी भरतो' म्हणणं. एजंट लगेच 'पीटीपी', म्हणजे पैसे भरण्याचं वचन, अशी नोंद करतो. शुक्रवार चुकला की पुढचा फोन 'शब्द मोडला'पासूनच सुरू होतो. तारीख द्यायचीच असेल तर पाळता येईल तीच.

आणि पैसे कधीही एजंटच्या यूपीआयवर किंवा हातात रोख देऊ नका. बँकेच्या ॲपवरून, कार्डाच्या खात्यातच भरा. वसुलीच्या नावाखाली चाललेले भामटे कमी नाहीत. फसलात तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा.

## पैसे आणायचे कुठून, आणि सेटलमेंट करावं का?

आधी स्वस्त कर्जानं महागडं कर्ज फेडता येतं का ते पाहा. वर्षाला ४२ टक्क्यांच्या पुढे जवळपास काहीही स्वस्तच असतं. बँक स्वतः थकबाकीचे हप्ते बांधून देते, त्याचा दर बहुधा कार्डापेक्षा कमी असतो. आपल्याकडे पगारदार नोकरांच्या पतसंस्था आहेत. सभासद असाल तर तिथे आधी विचारा. सोनंतारण कर्जही चालेल, पण हप्ते जमणार असतील तरच, नाहीतर विनातारण कर्जापायी मंगळसूत्र गहाण पडायचं. सावकाराचं नावही काढू नका.

हे काहीच जमण्यासारखं नसेल तर सेटलमेंट, म्हणजे काही रक्कम सोडून बाकीची एकरकमी घेऊन खातं बंद करणं. एनपीएनंतर बँक याला तयार होण्याची शक्यता जास्त. एजंटचा 'आजच्या दिवसापुरती ऑफर' हा डायलॉग मनावर घेऊ नका, पुढच्या महिन्यातही ऑफर येते. मात्र सिबिलसारख्या क्रेडिट अहवालात, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींत, खात्यासमोर 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड' असा शेरा लागतो आणि पुढची काही वर्षं गृहकर्जाचा अधिकारी त्यावर बोट ठेवतो. माझं मत विचाराल तर, दोन-तीन वर्षांत घर घ्यायचा विचार असेल तर हप्ते बांधून पूर्ण फेडा; तसा विचार नसेल आणि रक्कम उत्पन्नाच्या आवाक्याबाहेर गेली असेल तर सेटलमेंटची लाज बाळगू नका.

सेटलमेंटचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्या अधिकृत मेलवरून हवं. रक्कम, भरण्याची शेवटची तारीख आणि 'यानंतर काही येणे बाकी राहणार नाही' हे वाक्य त्यात असलंच पाहिजे. आधी पत्र, मग पैसे. एक दिवस उशीर झाला तरी ऑफर रद्द होऊन भरलेली रक्कम नुसतीच थकबाकीत जमा होऊ शकते.

## काहीच केलं नाही तर?

दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. पण मधल्या काळात तुम्ही लेखी कबुली दिली तर ती नव्यानं सुरू होते, रक्कम भरल्यानंही तसं होऊ शकतं. वर दिलेल्या मेलमध्येही कबुली आहेच. पैसे फेडायचेच असतील तर तिचं ओझं वाटायचं कारण नाही; पण थकबाकी कित्येक वर्षं जुनी असेल तर असं काही लिहिण्याआधी वकिलाला विचारा. मुदत संपली तरी क्रेडिट अहवालातली नोंद लगेच जात नाही, फोनही थांबतीलच असं नाही.

दरम्यान कागद येतील. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, पण लेखी उत्तर द्या. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरण्याऐवजी जा. तिथे गेल्यानं अटक होत नाही आणि तडजोड चांगली होऊ शकते. फक्त सही विचार करून करा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. लवादाची, म्हणजे वाद कोर्टाबाहेर निकाली काढायला नेमलेल्या पंचाची, नोटीस मेलवर येते आणि लोक ती जाहिरात समजून डिलीट करतात. ते महागात पडतं: लवादानं एकतर्फी निवाडा दिला की त्याला आव्हान द्यायला जेमतेम तीन महिने मिळतात. लवाद बँकेनं एकटीनंच परस्पर नेमला असेल तर ती नेमणूक टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे. पण ही हरकत तुम्ही घ्याल तेव्हाच कुणी ऐकेल. कोर्टाचं समन्स आलं तर गैरहजर राहायचंच नाही.

कार्डधारकाचा मृत्यू झाला असेल तर घरच्यांनी स्वतःच्या खिशातून भरण्याची सक्ती नाही. मृताच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतूनच, आणि तेवढ्यापुरतीच, बँक मागणी करू शकते. दहाव्या-तेराव्याच्या आत विधवेला फोन करून 'आता तुम्ही भरा' म्हणणाऱ्या एजंटला मृत्यूच्या दाखल्याची प्रत बँकेला दिल्याचं सांगा, आणि पुढचं बोलणं बँकेशी.

पूर्ण भरणा झाला किंवा सेटलमेंट झालं की ना-देय प्रमाणपत्र मागून घ्या आणि महिन्या-दीड महिन्यानं क्रेडिट अहवाल काढून बघा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एक अहवाल फुकट मिळतो. खातं अजूनही थकीतच दिसत असेल तर बँकेकडे आणि त्या कंपनीकडे दुरुस्तीची तक्रार करा. ३० दिवसांत तिचं निवारण झालं नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई त्यांनी तुम्हाला द्यायची असते.